उड्या आणि रेस दोन्हीला एकच हार्डटेल फ्रेम, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

दोन पावसाळे आणि मधला एक अख्खा हिवाळा ही सायकलची फ्रेम वापरून झाली म्हणून आता लिहितोय, पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. मी देवगडचा. सायकल चालवतो ती सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर), बंद पडलेल्या चिरेखाणीत आणि कलमांच्या बागांमधून बंदराकडे उतरणाऱ्या घाट्यांवर, वर्षातून दोन-तीनदा घाटावर जाऊन क्रॉसकंट्री रेस मारतो आणि बाकी वर्षभर उड्या. दोन सायकली ठेवणं परवडत नाही आणि पडवीत तेवढी जागाही नाही, त्यामुळे उडीलाही चालेल आणि रेसलाही चालेल अशी एकच फ्रेम हवी होती.

हार्डटेलच का, हे आधी सांगतो कारण मला येणारा पहिला प्रश्न तोच असतो. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क आणि मागे काही नाही, सरळ दांडे. जंपच्या चढावर तुम्ही पायाने जमीन दाबता तेव्हा मागे शॉक असेल तर त्यातला बराच जोर शॉक पिऊन टाकतो, हार्डटेल तोच जोर तुम्हाला परत देते आणि सायकल वर उचलली जाते. पेडल मारतानाही तसंच, रेसमध्ये शेवटच्या चढाला उभं राहून मारताना सगळा जोर चाकात जातो. आणि आपल्याकडचं कारण वेगळंच आहे, फुल सस्पेन्शनला मागे चार-सहा पिव्होट बेअरिंग असतात, त्यांना लाल चिखल आणि खारं वारं दोन्ही मिळालं की एका पावसाळ्यात त्यांचा खुळखुळा होतो. ते बेअरिंग बदलायला जायचं कुठे तर कोल्हापूर नाहीतर पुणे.

आधीची फ्रेम कशी गेली ते लिहितोच, कारण पुढची निवड सगळी त्यातून आली. ॲल्युमिनियमची साधी क्रॉसकंट्री हार्डटेल होती, दुकानातून आली तेव्हा १०० मिमीचा, म्हणजे तेवढा दबणारा, फोर्क होता. मला वाटलं फोर्क जास्त चालणारा असेल तर उडी मारून खाली येताना बरं पडेल, म्हणून १३० चा लावला. बरं वाटलंसुद्धा, सहा-सात महिने. मग पेडल मारताना पुढून किरकिर यायला लागली, मी हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथली बेअरिंग, उघडला, ग्रीस भरलं, परत लावला, किरकिर तशीच. एक दिवस धुताना खालच्या जाड दांड्याला, जिथे तो हेडट्यूबला (फोर्क ज्यातून वर जातो त्या पुढच्या नळीला) जोडलाय तिथे वेल्डच्या बरोबर मागे, केसासारखी एक काळी रेघ दिसली. नखाने खरवडली तर गेली नाही, नख अडकलं. तिथेच मी चाकावर वजन टाकून पुढचा ब्रेक दाबला आणि ती रेघ उघडली, परत मिटली. चिरेखाणीत तसाच गेलो असतो तर तोंड फुटलं असतं.

ह्यात दोष कंपनीचा नव्हता. फोर्क लांब झाला की तो हेडट्यूबला जास्त लांबीच्या पारईसारखा उचकटतो, आणि क्रॉसकंट्रीची फ्रेम तेवढ्या उचकटण्यासाठी बनवलेलीच नसते. शिवाय फोर्क साधारण २० मिमीने वाढला की हेड अँगल, म्हणजे त्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन, जवळजवळ एक डिग्रीने पडतो, बीबी (पेडलचा आस बसतो तो भाग) पण वर जाते, म्हणजे सायकलचा सगळा स्वभावच बदलतो. आणि ॲल्युमिनियमचं असं आहे की लहान ताणसुद्धा पुन्हा पुन्हा पडत राहिला की कधी ना कधी त्याला तडा जातोच, स्टीलमध्ये एका मर्यादेच्या खालचा ताण कितीही वेळा पडला तरी चालतो. ह्याचा अर्थ ॲल्युमिनियम वाईट असा बिलकुल नाही, सांताक्रूझची जॅकल किंवा कॉमेन्सालची ॲब्सोल्यूट ह्या उड्यांच्याच फ्रेम आहेत आणि ॲल्युमिनियमच्याच आहेत, पण त्या उड्यांसाठी जाड भिंतीच्या नळ्या घेऊन बनवल्यात. तुमच्या फ्रेमवर कॅटेगरीचा स्टिकर असेल तर तो वाचा. एएसटीएम एफ२०४३ नावाचं मानक आहे, त्यात ३ नंबर म्हणजे खडबडीत वाट आणि ६१ सेंटिमीटरच्या आतल्या उड्या, ४ नंबर म्हणजे १२२ सेंटिमीटरच्या आतल्या, आणि त्याच्या वरचं सगळं ५ नंबर. माझ्या आधीच्या फ्रेमवर ३ होता आणि मी कमरेएवढ्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, उडत होतो. स्टिकर पहिल्या दिवसापासून समोर होता, मी वाचला नाही.

तर दुसरी फ्रेम. पुण्यातल्या एकाकडून सेकंडहँड घेतली, १५ हजाराला, नुसती फ्रेम, हेडसेटसकट. २६ इंची चाकाची, ४१३० क्रोमोली स्टीलची. त्याने आधी पावडर कोटिंग करून घेतलं होतं त्यामुळे स्टिकर एकही नाही, बीबीच्या खालच्या नंबरावरून मॉडेल सापडलं पण ते आता बनत नाही, म्हणून नावात अडकत नाही, आकडे देतो, त्या आकड्यांची दुसरी कुठलीही फ्रेम मिळाली तरी तुमचं काम होईल. माझी उंची ५ फूट ८. फ्रेमचा रीच (बीबीपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) ४१५ मिमी, सीटट्यूब (सीटचा दांडा जातो ती नळी) ३५० मिमी म्हणजे एकदम बुटकी, १०० मिमी फोर्कवर हेड अँगल ६९ (मोबाईल दांड्याला लावून मी स्वतः मोजला), वजन २.७ किलो. मागचा हब १३५ बाय १० मिमीच्या बोल्टचा, बीबी साध्या आट्यांची ७३ मिमी. आणि चेनस्टे, म्हणजे बीबीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, ३९२ ते ४०८ मिमी. हे ‘ते’ आहे ना, त्या ‘ते’साठीच मी ही फ्रेम घेतली.

४१३० हा शब्द सगळे वापरतात पण अर्थ कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, ४१ म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील, ३० म्हणजे ०.३० टक्के कार्बन. चांगल्या फ्रेममध्ये नळ्या टोकाला जाड आणि मधे पातळ असतात, ताण जिथे जास्त येतो तिथेच धातू. फ्रेम घेताना नळीवर नाण्याने टकटक करून बघा, मधे आणि टोकाला आवाज वेगळा येतो.

आता ड्रॉपआउटबद्दल, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मागचं चाक ज्यात बसतं तो तुकडा म्हणजे ड्रॉपआउट. लोक फ्रेम बघताना रंग बघतात, हेडट्यूब बघतात, वजन विचारतात, मागे कोणी बघत नाही. नुसत्या उड्यांच्या फ्रेमला मागे बीएमएक्ससारखी आडवी खाच असते, चाक मागेपुढे सरकवून चेन ताणायची, एकच गिअर, आणि गिअर लटकवायला हँगर बऱ्याचदा नसतोच. नुसत्या रेसच्या फ्रेमला हँगर असतो पण चाक एका जागी पक्कं, चेन ताणायला डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, लागतोच. दोन्ही करायचं असेल तर सरकणारा ड्रॉपआउट हवा ज्याला हँगरही बसतो. पूर्वी फोर-क्रॉस नावाची रेस होती, चार जण एकदम गेटमधून सुटायचे आणि उड्या-वळणं घेत खाली यायचे, २००२ ते २०११ वर्ल्ड कपमध्येच होती, त्या काळात अशा मधल्या जातीच्या फ्रेम खूप निघाल्या. बुटक्या, मागे आखूड, पण गिअर घेणाऱ्या. वर्ल्ड कपमधून ती रेस गेली आणि फ्रेमही कमी झाल्या, पण आपल्यासारख्याला नेमकी तीच जात हवी आहे. पंप ट्रॅकची (पेडल न मारता उंचवट्यांवरून जोर घेत फिरायच्या ट्रॅकची) वर्ल्ड चॅम्पियनशिप २०१९ पासून यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना घेते, तिथेही २० इंची बीएमएक्सच्या जोडीला अशा २६ इंची हार्डटेल दिसतात.

सरकणाऱ्या ड्रॉपआउटमध्ये पण दोन गोष्टी बघा. एक, डिस्क ब्रेकचा कॅलिपर फ्रेमवर बसतो की सरकणाऱ्या तुकड्यावर. फ्रेमवर असेल तर चाक सरकवलं की प्रत्येक वेळी ब्रेक परत जुळवा. तुकड्यावर असेल तर चाकाबरोबर तोही सरकतो, हात लावावा लागत नाही. माझ्या फ्रेमला तसं आहे आणि ह्या एका गोष्टीने माझे किती रविवार वाचले असतील. दुसरी गोष्ट, सरकायला जागा किती. चेनची एक पूर्ण जोडी काढली तर चाक १२.७ मिमी पुढे येतं, म्हणजे जागा निदान १३-१४ मिमी तरी हवी, नाहीतर एकेरी गिअरवर चेन एकतर सैल राहणार किंवा बसणारच नाही आणि हाफ लिंक (चेनची अर्धी कडी) शोधत फिरावं लागणार, जी देवगडात मिळत नाही. माझ्याकडे १६ मिमी आहे. पुरतं.

उड्यांना मी तुकडा पूर्ण पुढे ओढतो, ३९२ वर. आमच्याकडे दिवाळीनंतर खळी करायला घेतात तेव्हाच आम्ही जंप करायला घेतो, माती तेव्हा बरोबर ओलसर असते. लाल माती ओढायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायची, दोन दिवस तसंच, मग वरून शेणाचं सारवण. खळ्यासारखीच घट्ट होते, फेब्रुवारीपर्यंत टिकते. चिरेखाणीचा तळ सपाट आणि कडा उभ्या कापलेल्या, एक कड चुकली की लागतं, त्यामुळे तिथे मनासारखी फिरणारी सायकल पाहिजे. मागचं आखूड केलं की मागच्या चाकावर सायकल उचलायला जोरच लागत नाही, टेकऑफच्या टोकावर जरा मागे झुकलं की पुढचं चाक आपोआप येतं. पहिल्याच दिवशी मी मधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त कापलं आणि लँडिंगच्या उताराच्या पुढे सपाटीवर उतरलो, पाय पार टाचेपर्यंत झिणझिणले. पण फ्रेमने एक गोष्ट केली जी आधीच्या फ्रेमने कधी केली नव्हती. ती सरळ राहिली. आधीची तशा उतरण्यावर मागून वळवळायची, पुढचं चाक एकीकडे आणि मागचं दुसरीकडे जायचं. इथे ठप्प असा एकच आवाज, आणि सायकल पुढे. खाली आल्यावर मी थांबून सगळे वेल्ड बोटाने चाचपून बघितले, सवयच लागलीये, काही नाही.

स्टीलच्या मऊपणाबद्दल लोक बरंच बोलतात. माझा अनुभव असा की उड्यांच्या स्टील फ्रेममध्ये तसा मऊपणा जाणवत नाही, मागचे त्रिकोण एवढे छोटे आणि घट्ट असतात की सगळं टायर आणि गुडघेच झेलतात. सड्यावर कातळ खरखरीत आहे, तिथे वीस मिनिटं सलग चालवलं की हाताला कळतं. मागच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की निम्मा फरक पडतो, एवढं सोपं आहे ते.

रेसला काय करतो ते सांगतो. तुकडा मागे, ४०८ वर. गिअरचं चाक वेगळं ठेवलंय, ११ ते ४२ दात्यांची दहा गिअरची कॅसेट, पुढे ३२ दात्यांची एकच चकती, हँगर लावला, डिरेलर लावला, चेनही वेगळी कारण लांबी वेगळी लागते. सगळं बदलायला मला चाळीस मिनिटं लागतात, पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ गेली होती. १६ मिमी म्हणजे दीड सेंटिमीटर, ऐकायला काहीच नाही, पण चढावर लगेच कळतं. ३९२ वर बसून चढ मारला तर पुढचं चाक उचलतं, माणूस हँडलवर ओणवा होऊन पुढचं चाक दाबत बसतो आणि दम त्यातच जातो. ४०८ वर ते जमिनीला चिकटून राहतं. गेल्या डिसेंबरात घाटावर रेस होती, साडेचार किलोमीटरची फेरी, पाच फेऱ्या, माझ्या गटात २३ जण, मी नववा आलो. पुढचे आठही जण २९ इंची चाकावर होते. सरळ सांगायचं तर सपाटीवर आणि दगडांच्या लांब पट्ट्यात २९ चं चाक वरून निघून जातं आणि २६ चं प्रत्येक खड्ड्यात उतरतं, तिथे मी प्रत्येक फेरीला मागे पडलो. पण उतारावर जिथे वळणं जवळजवळ होती, आणि दोन ठिकाणी नैसर्गिक उड्या होत्या जिथे बाकीचे उतरून चाक टेकवत जात होते, तिथे मी तेवढेच परत भरून काढत होतो. क्रॉसकंट्रीत पहिल्या पाचात यायचंच असेल तर ही फ्रेम घेऊ नका, २९ ची हलकी घ्या आणि उड्या विसरा. दोन्ही हवं असेल तर नववा नंबर मला मान्य आहे.

रेसमध्ये खरा त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा. उड्यांच्या फ्रेमला बाटली लावायला भोकंच नसतात. पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन रेस मारावी लागते, आपल्या उकाड्यात सरावाला तर पाठ सोलून निघते. सीटट्यूब ३५० ची म्हणजे सीट रेसच्या उंचीला आणायला ४०० मिमीचा लांब सीटपोस्ट घ्यावा लागला, आणि तो आत निदान खुणेपर्यंत गेलाच पाहिजे, खुणेच्या वर ठेवून चालवलं तर सीटट्यूबच फाटते. गिअरची केबल न्यायला फ्रेमवर जागाच नाही, झिपटायने बांधली आहे, दिसायला बरी दिसत नाही पण चालते. आणि पूर्ण पुढे ओढलेल्या जागेवर २.३ चा टायर बीबीच्या मागच्या जोडापासून जेमतेम बोटभर लांब राहतो. कोरड्यात ठीक. चिखलात नाही.

चिखलाबद्दल आणि गंजाबद्दल आता, कारण घाटावरची माणसं फ्रेमबद्दल जे सांगतात त्यात हे कधीच नसतं. आपल्याकडे चार महिन्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वर्षभर खारं वारं. लाल माती टायरवर बसली की पेंडीसारखी चिकटते, ती बोटभर फट भरते आणि चाक थांबतं. म्हणून जून ते सप्टेंबर मी तुकडा मागेच ठेवतो, उड्या असल्या तरी, ४०८ वर चिखल पडून जायला जागा मिळते. हेही सरकणाऱ्या ड्रॉपआउटनेच दिलं, पक्क्या फ्रेममध्ये मी चार महिने सायकल भिंतीला लावली असती.

पहिला पावसाळा संपला तेव्हा ऑक्टोबरात मी सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी केली. सीटट्यूबमधून चहाच्या रंगाचं पाणी आलं, साधारण अर्धी वाटी. मग बीबी काढली, तिच्या कपाच्या आट्यांवर लाल साय बसलेली, बोट फिरवलं तर पूड. फ्रेमच्या बाहेर एक ठिपका नव्हता, पावडर कोट चकचकीत, आणि आत हे. त्या दिवशी कळलं की स्टील फ्रेम बाहेरून बघून काही कळत नाही. बीबीच्या खाली पाणी जायला भोक आहे का ते घेतानाच बघा, माझ्या फ्रेमला होतं पण पावडर कोटवाल्याने ते बुजवलं होतं, मी ३ मिमीच्या ड्रिलने उघडलं. मग आतून वाळवून, पेंटच्या दुकानात डबल बॉईल जवसाचं तेल मिळतं ते प्रत्येक नळीत ओतलं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली, जास्तीचं गाळून दोन दिवस उन्हात टांगली. हे तेल वाळून आतून पापुद्रा धरतं. खोबरेल वापरू नका, ते वाळत नाही, नुसतं माती धरून ठेवतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उघडलं तेव्हा पाणी आलं नाही आणि लाल पूडही नाही.

पण ड्रॉपआउटचे बोल्ट मी विसरलो. चार सहा-एमएमचे बोल्ट, ज्यावर तुकडा सरकतो. पहिल्या ऑक्टोबरात तुकडा पुढे ओढायला गेलो तर एक बोल्ट हलेना, ॲलन की फिरली आणि डोक्यातला खड्डा गोल झाला. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे फ्रेम नेली. त्यांनी बघितलं, बोट लावलं, म्हणाले, “ह्या बोल्टाक ग्रीस लावलेलंस काय रे?” मी म्हटलं, नाय. “मगे? खारो वारो हा रे हयसर.” आणि मग काही न बोलता त्यांनी बोल्टाच्या बाजूला नेमकं तेवढंच तापवलं, डिझेलचे दोन थेंब सोडले, थांबले, परत तापवलं, आणि डोक्यावर पान्हा बसेल अशा दोन सपाट बाजू कानशीने घासून काढून हळूच फिरवला. करकर करत आला. शेजारचा रंग नाण्याएवढा जळला तेवढंच. त्यांनी डब्यातलं निळं मरीन ग्रीस एका पिशवीत घालून दिलं, पैसे घेतले नाहीत, पापलेट आणून दे म्हणाले नाहीत, काहीच नाही. आता बोल्ट स्टेनलेसचे टाकलेत, दर दोन महिन्यांनी काढून तेच ग्रीस लावतो. सरकणारा ड्रॉपआउट घेणार असाल तर ही कामगिरी तुमच्या गळ्यात आहेच, साध्या ड्रॉपआउटला ती नसते, हे मान्य करून घ्या.

सेकंडहँड घेणार असाल तर बघायचं कसं, हे थोडक्यात. माझी फ्रेम पुण्याहून लक्झरीने आली, पहाटे चारला नांदगाव तिठ्यावर उतरवून घेतली, खोका एका कोपऱ्यात चेपलेला. विकणारा फोनवर म्हणाला होता, “दादा, फ्रेम सरळ आहे, तुम्ही घरी मोजा, नसेल तर परत पाठवा,” आणि तो शब्दाला जागणारा निघाला. घरी तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) घेतली, हेडट्यूबला मधोमध गुंडाळून दोन्ही टोकं मागे दोन्ही ड्रॉपआउटला ताणून बांधली आणि सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. माझ्या फ्रेममध्ये अर्ध्या मिमीचा फरक आला, चालतो, दोन मिमीच्या वर असेल तर फ्रेम वाकलेली आहे. ड्रॉपआउटमधलं अंतर व्हर्नियरने १३५ भरलं पाहिजे. सीटपोस्ट घालून बघायचा, अडकत जात असेल किंवा डुगडुगत असेल तर सीटट्यूब गोल राहिलेली नाही. आणि हेडट्यूबच्या मागे दांड्याच्या खाली नख फिरवा, तिथे घाई करू नका, माझी पहिली फ्रेम तिथेच गेली. रंग नवा असेल तर जास्तच बघा, रंगाखाली तडा लपतो. हँगर त्या फ्रेमचा वेगळा असतो, तो अजून मिळतो का हे पैसे द्यायच्या आधी शोधा. मी तीन मागवून ठेवलेत, एक रेसला जाताना खिशात असतो.

साइझबद्दल एकच, उड्यांना छोटी आणि रेसला मोठी घ्या असं सगळे सांगतात आणि एकच फ्रेम घेणारा मधेच अडकतो. मी ४१५ चा रीच घेतला कारण स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा, बदलून रेसला २० मिमी लांब करता येतं, पण लांब फ्रेम आखूड करता येत नाही. उड्यांना ३५ चा स्टेम, रेसला ५५ चा. पाच फूट दहाच्या वर असाल तर ४३० च्या आसपास बघा.

२६ चं चाक जुनं झालं म्हणून कोणी नाक मुरडेल, पण देवगड-कणकवलीत कुठल्याही सायकलच्या दुकानात २६ ची ट्यूब मिळते, पोरांच्या साध्या सायकलींना तीच लागते. २७.५ किंवा २९ ची पंक्चर झाली आणि जवळची ट्यूब संपली तर तो दिवस गेला.

नवीन घ्यायची असेल तर काय बघाल, तर ब्रिटिश डीएमआरची ट्रेलस्टार स्टीलची आहे आणि तिचे ड्रॉपआउट बदलता येतात, सांताक्रूझची कॅमेलिअन ॲल्युमिनियमची पण ड्रॉपआउट सरकतो, पोलंडच्या एनएस आणि डार्टमूर दोघांच्या यादीत ह्या जातीच्या फ्रेम असतात, आणि पेरूची मरिनो तुम्ही दिलेल्या मापाने स्टीलची फ्रेम वेल्ड करून देते, ड्रॉपआउटही निवडता येतो. पुण्यातल्या सायनाइडवाल्यांनी फ्युरन नावाची हार्डटेल काढली होती, सेकंडहँड बाजारात दिसली तर नक्की विचारा, बनवणारी माणसं स्वतः उड्या मारणारी आहेत. बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून हिशोब करा, फ्रेमच्या किमतीवर थांबू नका. ट्रेकची टिकेट डीजे, स्पेशलाइज्डची पी.३ ह्या चांगल्या आहेत पण त्या उड्यांसाठीच आहेत, रेसचा विचार सोडला असेल तरच.

सध्या फ्रेम पडवीत उलटी टांगलीये, बोल्ट काढून ग्रीस लावून झालं, तुकडा आज ३९२ वर ओढला. माती अजून ओली आहे, पुढच्या रविवारी चोपायला घेऊ. कोणाला फ्रेम हातात घेऊन बघायची असेल, मापं घ्यायची असतील तर चिरेखाणीत या, संध्याकाळी पाचनंतर असतोच, चालवूनही बघा.